काढून टाका!

बॉनेटखालून वाफ निघाली की हे गृहस्थ हजर! प्रत्येक गावात एक असतोच. आमच्या जालन्यात त्यांना नाना म्हणतात. नाना मेकॅनिक नाहीत, निवृत्त तलाठी आहेत. सातबाऱ्यातली खाडाखोड शोधावी तसे रेडिएटरवर वाकतात आणि निकाल देतात, "आत थर्मोस्टॅट असंल. काढून टाका!"

थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप. इंजिन गार असताना ती पाणी अडवते आणि 80 ते 90 अंशांच्या आसपास उघडून रेडिएटरकडे सोडते. नानांच्या मते ही बर्फातल्या लोकांची थेरं. "इथं मे महिन्यात पारा 42 वर. इंजिन तापवायला झडप काहून पाहिजे?" ती काढली तर इंजिनाला हवी तेवढी ऊब येत नाही आणि डिझेल मात्र जास्त लागतं, असं कुणी सुचवलं की नाना त्यालाच चर्चेतून काढून टाकतात.

एका अंगारकीला राजूरच्या गणपतीला निघालेल्या पाहुण्यांची गाडी गर्दीत तापली. मोकळ्या रस्त्यावर काटा जागेवर, गर्दीत सरकताना वर. म्हणजे पंखा फिरत नाही. नानांनी फ्यूज बदलला, पंखा भुर्रकन फिरला. पाहुणे हात जोडणार, तोच नाना म्हणाले, "आता तेवढा थर्मोस्टॅट काढून टाका."

शेजाऱ्यांच्या गाडीत पाणी रोज कमी होई आणि खाली थेंब नसे. मागून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय. हेड गॅस्केट गेलं होतं, हे मेकॅनिकनं ओळखलं. नानांचं निदान ठरलेलं. बोअरच्या जड पाण्यानं रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजल्या, तरी गुन्हेगार तोच. पुढे पुढे सोसायटीचा वॉचमन, वॉर्डाचा नगरसेवक आणि पुतणीला आलेलं एक स्थळ यांच्यावरही नानांनी हाच इलाज सुचवला.

एक मात्र कबूल करायला हवं. तापल्या रेडिएटरचं झाकण ते कुणाला उघडू देत नाहीत. आत दाब असतो. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. "अर्धा तास बसा," म्हणतात आणि अनोळखी माणसासोबत स्वतःही लिंबाखाली बसतात. 2012-13 च्या दुष्काळात शहर टँकरची वाट बघत होतं, तेव्हाही नानांच्या डिकीत पाण्याचा एक कॅन असायचाच. घरी त्यावरून रोज भांडण व्हायचं आणि पाणी मात्र परक्याच्या रेडिएटरमध्ये जायचं.

मध्यंतरी नानांच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर सहज म्हणाले, "काढून टाकू. त्याच्यावाचून काही अडत नाही."

नाना भडकले. "कंपनीनं बसवलंय ते उगाच बसवलंय का?"

अखेर ऑपरेशन झालं. नंतर अंबड रोडवर एक जीप वाफाळत उभी दिसली. नाना काठी टेकत गेले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "होज फाटलाय. तेवढा बदला."

आम्ही वाट पाहिली. पुढं काहीच नाही. जीपवाला खूश होता. आम्हालाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. शेवटी न राहवून मी विचारलं, "नाना, आणि थर्मोस्टॅट?"

नानांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आता तुम्हीच म्हणताय तर..." असं पुटपुटत त्यांनी पान्यासाठी हात पुढं केला.