पापण्या घाटकोपरला पडतात

शलाकाताई तुमच्याही डब्यात असणारच. नाव वेगळं असेल, ऑफिस वेगळं असेल, पण ओळखपाळख नसताना समोरच्या बाईपुढे तोंड नेऊन "पडल्या का गं?" असं विचारणारी कुणी नसेल, तर तो मध्य रेल्वेचा लेडीज डबा नव्हे, मालगाडी समजावी.

पडल्या म्हणजे पापण्या. कोरियन मालिका बघता बघता ताईंना हे खूळ लागलं. तेव्हापासून जपान-कोरियात निघालेला मस्कारा आधी ताईंच्या डोळ्यांवर चढतो आणि मग आमच्या डोक्यावर. "अगं, तिकडच्या बायकांच्या पापण्या बहुतेक सरळ, खाली झुकलेल्या. माझ्यासारख्याच! म्हणून ते लोक वळण टिकवायच्या मागे असतात. मस्काऱ्यात पाणी जास्त झालं की वळवलेली पापणी भिजून पुन्हा सरळ. मेणाचा, वॉटरप्रूफ हवा." हे प्रवचन डोंबिवलीला सुरू होतं. दिव्याजवळ गाडी सांधा बदलते, नेमकं तेव्हाच ताई कर्लरच्या चिमट्यात पापणी धरतात. पूर्ण डबा श्वास रोखतो. ताईंचा हात मात्र हलत नाही.

ताई बँकेत, म्हणजे वही आलीच. रकाने तीन: नाव, उघडल्याची तारीख, पडल्याचं स्टेशन. मस्कारा किती तास टिकला हे जगात कुणीही सांगेल. ताई स्टेशन सांगतात. "हा कुर्ल्याचा आहे." "तो दिसायला गोड, पण मुलुंडच्या पुढे जात नाही." एका महागड्या नळीपुढे नुसतं 'ठाणे' लिहून खाली लाल रेघ मारलेली मी पाहिली आहे. पावसाळ्यात तर बहुतेकांचं घाटकोपरलाच आटोपतं. एकदा माझ्या भाच्यासाठी आलेल्या स्थळाबद्दल त्यांचं मत विचारलं, तर म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे, दादरपर्यंत जाईल."

सीएसएमटी गाठून संध्याकाळी तशाच ताठ परतलेल्या मोजक्या नोंदींत 'हिरोईन मेक' आहे. त्याच्या वेष्टनावर जपानी चित्रकथेतली टपोऱ्या डोळ्यांची राजकन्या असते. तो काढणारी इसेहान कंपनी 1825 साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, करडईच्या फुलांपासून केलेली लाली विकायला लागली, हे ताईंना कुठूनसं कळलं. ताई माहेरच्या बार्शीच्या. "आपण करडईची भाजी केली, तेल काढलं, आणि फुलांकडे बघितलंसुद्धा नाही!" हे दुःख भांडुपपासून भायखळ्यापर्यंत पुरलं.

आणि ती डबी! 'फायबरविग' नावाचा एक जपानी मस्कारा तेलानं काढावा लागत नाही. तो पापणीभोवती पातळ आवरण धरतो आणि कोमट पाण्यात बोटांनी चोळला की त्याच्या बारीक काळ्या नळ्या सुटून येतात. ताईंनी त्या कुंकवाच्या डबीत जपून आणल्या आणि आम्ही इडल्या उघडल्यावर मधोमध ठेवल्या. अगदी मुंगीचे तोडलेले पाय. "एकेका पापणीची एकेक नळी, बघ ना!" चटणी तशीच राहिली.

नळी उघडून तीन-चार महिने झाले की मस्कारा टाकून द्यावा, डोळ्यांना जंतूंचा धोका नको, हा नियम ताई कडक पाळतात. टाकतात तो मस्कारा, ब्रश नाही. तो साबणानं धुऊन चांदीच्या निरांजनाच्या नक्षीत फिरवतात. त्यांच्या देवघराला गौरी-गणपतीत जी झळाळी असते, तिचं श्रेय निम्मं कोरियाला जातं.

मला या बाईचं कौतुक करायचं नव्हतं. पण मागच्या पावसाळ्यात ठाण्याला एक पोरगी चढली आणि दाराशी उभी राहून गुपचूप रडायला लागली. आम्ही सगळ्यांनी रीतसर मोबाइलमध्ये माना घातल्या. ताई उठल्या, तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "वर बघ." बराच वेळ निरखून बघितलं. "एकही पडली नाही गं! कुठला आहे?" पोरीनं हुंदक्यातच नाव सांगितलं आणि तिला हसू फुटलं. का रडतेस, हे ताईंनी विचारलं नाही. तिला खिडकी दिली. लोकलमध्ये आपली खिडकी पोटच्या पोरीलाही देत नाहीत. वहीत नोंद झाली: 'सीएसएमटी (रडून)'.

मार्चअखेरीस ताई रिटायर झाल्या. परवा फोन आला. नवा कोरियन आणलाय म्हणे, पण घरात स्टेशनं नाहीत, लिहायचं काय? मी म्हटलं, काकांना विचारा की.

"त्यांना काय विचारायचं? टीव्हीवरची नजर न काढता सांगतात, नाही पडल्या. मी लावलेलाच नसतो गं."