बघायचे पैसे

स्पीडब्रेकरवरून गाडी उतरली की डाव्या पुढच्या चाकाकडून ‘कट’ असा आवाज यायचा. पंधरवडाभर ऐकला आणि मग गाडी एका मोठ्या, चकचकीत सर्व्हिस सेंटरला नेली. गाडी छोटी, पेट्रोलवरची, 2008 सालची. 2023 मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा फेरनोंदणीचे 5,000 रुपये आणि वर पर्यावरण कर भरून मी तिला आणखी पाच वर्षांसाठी रस्त्यावर ठेवलं. ती विकायचा विचार नाही. ती मला पुरते आणि तिच्यात मला सगळं दिसतं.

अर्ध्या तासात एस्टिमेट हातात आलं. दोन्ही पुढचे शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, स्टिअरिंग रॅक. त्याखाली इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन. बेरीज 41,000 रुपये. गाडी तोवर लिफ्टवर चढलीच नव्हती. काचेपलीकडे जिथे लावली होती तिथेच उभी होती, मी बघत होते.

“यातलं नक्की काय वाजतंय?” मी विचारलं.

“मॅडम, गाडी जुनी आहे, सगळंच करून घ्या. सरांशी बोलू का मी फोनवर?”

गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी, आवाजही मीच ऐकला होता. किल्ली मागून घेतली आणि निघाले.

आमच्या भागात दोन शटरांचं एक गॅरेज आहे. तिथले मिस्त्री काही न लिहिता शेजारच्या सीटवर बसले, काच खाली केली आणि म्हणाले, “ताई, त्या ब्रेकरवरून घ्या. आता परत. आता नुसतं डावं चाक.” तीन फेऱ्या झाल्या. मग जॅक लावला, टॉमी घालून एकेक जोड दाबून पाहिला. वीस मिनिटांनी निदान झालं. स्टॅबिलायझर बारचं रबरी बुश झिजलं होतं. दोन्ही बाजूंची बुशं मिळून चारशे रुपयांच्या आत. लोअर आर्मवर बोट ठेवून ते म्हणाले, “हा अजून चालेल. हा पावसाळा काढेल, मग बघू.”

अजून चालेल! जुनी गाडी बाळगणारा माणूस हे दोन शब्द ऐकायला तरसलेला असतो. बदला म्हणणारे शंभर भेटतात. चालेल म्हणायला माहिती लागते, कारण तो शब्द चुकला तर गाडी घाटात बंद पडते आणि नाव मिस्त्रीचं जातं. आणि त्या शब्दासाठी आपण त्याला काय देतो? काही नाही. मला जे बोलायचं आहे ते एवढ्याच मुद्द्यावर.

आपल्याकडे गॅरेजवाल्याने गाडी बघायचे पैसे घ्यायचे नसतात. “बघून तर सांगा” असं आपण म्हणतो, तो बघतो, सांगतो, आणि आपण “बरं, येतो मग” म्हणून निघतो. मजुरीवर घासाघीस करतो. मग त्याने कमवायचं कशावर? पार्टवर आणि ऑइलवर सुटणाऱ्या चार पैशांवर. पार्ट बदलला तर त्याची चूल पेटते, “चालेल” म्हटलं की त्या दिवशीची पेटत नाही. ही रचना आपण उभी केली आहे, आणि वर तक्रार करतो की गॅरेजवाले उगाच पार्ट बदलतात. डॉक्टरांनी छातीला नळी लावून “काही झालेलं नाही, घरी जा” म्हटलं तरी आपण फी देतो, उलट आनंदाने देतो. तीच वीस मिनिटं गाडीसाठी कुणी दिली तर ती फुकट कशी?

त्या दिवशी मी बुशाचे आणि मजुरीचे पैसे दिले आणि बघायचे वेगळे 300 रुपये दिले. त्यांनी नको म्हटलं, मी ठेवले. आता गाडी नेली की आधीच सांगते: बघायचे एवढे देणार, काही बदला अथवा बदलू नका. बोलण्याचा सूरच बदलतो. मिस्त्रीला काही विकायचं उरत नाही. तो मोकळेपणाने सांगतो की हे आज करा, हे दिवाळीनंतर, याला हातसुद्धा लावू नका.

मोठ्या सेंटरमध्येही तीच कथा आहे, फक्त एसीत. तिथे आपलं ऐकणारा वेगळा, पाना धरणारा वेगळा, आणि दोघांच्या मध्ये काचेची भिंत. खाली काम करणाऱ्या पोराला कदाचित पहिल्या फेरीतच बुश कळलं असतं. पण त्याची आणि माझी गाठ पडू दिली जात नाही. माझ्यासमोर बसलेल्या ॲडव्हायझरच्या कामाचं मोल बिलाच्या आकड्यावरून होत असेल, तर त्या माणसाकडून “चालेल” हा शब्द यावा कसा?

तरीही लोक पंधरा-सोळा वर्षांची गाडी तिथेच नेतात. का? “बाहेर दाखवली तर वॉरंटी जाईल” ही भीती मनात पक्की बसली आहे. अहो, जी वॉरंटी संपून दशक लोटलं ती जाणार कुठे? आणि बाहेरच्या मिस्त्रीकडे सामान नाही, माहिती नाही, हे जे ऐकवलं जातं त्याचंही मूळ बघा. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने मिळू दिली जात नव्हती. तक्रार 2011 सालची होती. पुढे अपिलं झाली, काहींचा दंड कमी झाला. 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल उघडलं आणि त्यात वाहनंही घेतली. पण माझ्या मिस्त्रींच्या भिंतीवर आजही कुठल्याच कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक नाही. त्यांचं सगळं ज्ञान कानात आणि बोटांत आहे.

त्यांच्या पोरांकडे आता स्वस्त स्कॅनर असतो. चांगलंच आहे. पण स्कॅनरवरचा कोड म्हणजे रोग नव्हे, ते रोगाचं लक्षण. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असा कोड आला की अनेक जण थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात, काही हजारांना. प्रत्यक्षात कुठलीतरी रबरी व्हॅक्यूम नळी भेगाळलेली असते आणि तिथून हवा आत ओढली जात असते. नळी शंभर-दोनशेची. ती शोधायला अर्धा तास वाकावं लागतं, आणि वाकायचे पैसे आपण देत नाही.

म्हणून शटरवालं प्रत्येक गॅरेज देवळासारखं मानावं, असं मी मुळीच म्हणत नाही. या धंद्यातली एक सवय मला फार खुपते. गाडी गरम होतेय म्हटलं की थर्मोस्टॅट काढून टाकतात. “आपल्याकडे उन्हाळाच आहे, त्याची गरजच नाही.” गरज आहे! थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला येतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं, आणि मूळ दुखणं, म्हणजे बुजलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला फॅन, तसंच राहतं. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरणं हा त्याचाच भाऊ. आतून क्षार धरतात, गंज चढतो. असं कुणी करताना दिसलं की मी दुसऱ्यांदा तिथे जात नाही, माणूस कितीही गोड बोलो.

पारख करायला फार ज्ञान लागत नाही. मी दोनच गोष्टी बघते. एक, मिस्त्री गाडी चालवून बघतो का. दोन, काढलेला पार्ट न मागता हातात देतो का. झिजलेलं बुश, काळवंडलेला एअर फिल्टर, पातळ झालेले ब्रेक लायनर: सामान डोळ्यांसमोर आलं की वादच उरत नाही. नवा पार्ट मी बऱ्याचदा स्वतः आणते. पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, कोल्हापुरात उद्यमनगर. पाकिटावर एमआरपी छापलेली असते. गाडीच्या कंपनीला जो कारखाना क्लच प्लेट पुरवतो तोच ती स्वतःच्या डब्यातही विकतो, बऱ्याचदा स्वस्तात. सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर 28 ऐवजी 18 टक्के जीएसटी लागतो, तेव्हा जुन्या दरांचं एस्टिमेट कुणी पुढे केलं तर आकडा पुन्हा बघा. मी सामान आणलं म्हणून मिस्त्रीची चार पैशांची सूट बुडते, म्हणून मजुरी पूर्ण द्यायची, न घासता.

सध्या आमच्या चर्चेत पेट्रोलच्या नळ्या आहेत. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 2008 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. मिस्त्री दर वेळी टाकीपासून इंजिनापर्यंत नळ्या चिमटीत धरून बघतात. फुगली, चिकट झाली किंवा भेगाळली की बदलायची. गेल्या खेपेला म्हणाले, “चालेल.” मी 300 ठेवले.

परवा मात्र वेगळं झालं. बॉनेट उघडून त्यांनी टायमिंग बेल्टचं कव्हर सैल केलं, टॉर्च मारला आणि गप्प बसले. मागच्या वेळी किती किलोमीटरला बदलला ते विचारलं. मी डायरी काढली. त्यांनी मनात हिशेब केला, कव्हर परत लावलं आणि म्हणाले, “ताई, हा नाही चालणार. हा तुटला तर व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनवर बसतील.” इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसरं कुणाचं मत विचारायचं मनातही आलं नाही. शनिवारी सकाळी गाडी टाकते आहे.