धरणाखालचा अंधार

अलोऱ्यात माझा भाचा दोन आठवडे २२८१ सालात मुक्कामाला आहे. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ हा २०१० चा गेम. अणुयुद्धात जग भाजून निघालंय आणि उरलेली माणसं भांडतायत हूव्हर धरणासाठी. कोयनेच्या पाण्यावर वसाहत उभी राहिलेल्या गावाला हे काय नवीन सांगायचं!

गेममधले गट: एनसीआर, सीझरचं लीजन, मिस्टर हाउस, नाहीतर अपक्ष. कुणाचा तरी झेंडा धरायचा. मग निरोप पोहोचव, अमक्याला पटव, तमक्याला उडव. एका गटात मान वाढला की दुसऱ्यात नाव काळं. आमची गावकी-भावकीच ती, फक्त शिमग्याची पालखी नाही.

(आधीचा ‘फॉलआउट ३’ मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये एक्सबॉक्ससाठी भारतात आणलाच नाही, म्हणे सांस्कृतिक संवेदनशीलता. त्यात दोन तोंडांच्या गाईला ‘ब्राह्मिन’ म्हणतात. दोन तोंडांची आपल्याला सवय आहे, अडचण नावाचीच असणार.)

काल रात्री शेवटची मोहीम. धरणावर समोर लीजनचा एकटा लेगेट लॅनियस उरला आणि लाईट गेली. सेव्ह केलेलं नव्हतं.

“मामा, वीज इथंच तयार होते ना?”

“होते की. पण ती मुंबईच्या गटात आहे.”