अर्ध्या युनिटचा बोका

मांजराला गोडाची चव कळत नाही. गोड ओळखायला लागणारा एक जनुक मांजरात, आणि वाघ-चित्त्यांतही, निकामी आहे हे शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिलं. म्हणजे श्रीखंड नाही, जिलबी नाही, पुरणपोळी तर नाहीच, आणि तरीही मांजराला मधुमेह होतो. चैन न करता बिल भरायची वेळ यावी, असा हा आजार.

आमच्या घरी तो आधीपासूनच मुक्कामाला होता, पण सासऱ्यांकडे, म्हणजे अण्णांकडे. मग आमचा गंप्या बाथरूमच्या बादलीला तोंड लावून ढसाढसा पाणी पिऊ लागला आणि त्याच्या रेतीच्या ट्रेमधून नारळाएवढे गोळे निघू लागले. व्हेट मॅडम म्हणाल्या, "नसबंदी झालेला नर, वजन जास्त, हालचाल शून्य. मांजरांच्या मधुमेहाचा हा अगदी पुस्तकातला पेशंट." अण्णांनी त्यातली पहिली बाब वगळून बाकीच्यांना मान डोलावली.

इन्सुलिनचा डोस ठरला सकाळ-संध्याकाळ एक-एक युनिट, बरोबर बारा तासांच्या अंतरानं.

"एकच?" अण्णा हिरमुसले. "मला सकाळचे बावीस लागतात."

अण्णांच्या बावीसची गोष्ट वेगळी. ते ताटाकडे बघून सुई भरतात. आमरस असला की दोन वाढवायचे, एकादशीला साबुदाण्याची खिचडी असली की तीन, आणि डॉक्टरांना यातलं काही सांगायचं नाही. बँकेत पस्तीस वर्षं ताळेबंद जुळवल्यामुळे शरीराचाही जुळवता येतो, अशी त्यांची ठाम समजूत आहे. गंप्याचा डोस म्हणजे त्यांना निवृत्तीनंतर मिळालेली नवी शाखाच वाटली.

केमिस्टकडे अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मागितली तर त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"पेशंटचं वजन?"

"सात किलो."

"अरेरे! इतक्या लहान बाळाला?"

"बाळ नाही हो, बोका आहे."

दुकानातल्या रांगेनं तेवढ्यात सल्लामसलत सुरू केली. कारल्याचा रस, भिजवलेले मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड. यांतला एक जरी पदार्थ कोणी गंप्याच्या तोंडात घालून दाखवला, तर त्या माणसाचे टाके मी स्वखर्चानं घालून देईन.

खरी करमणूक पुढे होती. तिसऱ्याच दिवशी अण्णांनी हुकूम सोडला, "आकडा ३८० आहे, वाढव डोस." मॅडम फोनवर म्हणाल्या, "हात लावायचा नाही." त्यांचं म्हणणं असं की गंप्याचं ग्लार्जिन इन्सुलिन कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण होऊन तिथे बसतात आणि सावकाश विरघळतात. आज केलेल्या बदलाचा खरा परिणाम दिसायला काही दिवस जावे लागतात. म्हणून निदान पाच-सात दिवस तरी डोस तोच ठेवायचा. मग वाढवायचा झाला तर अर्धा युनिट, आणि तोही सर्वांत वरचा आकडा बघून नाही, सर्वांत खालचा बघून. वरचा आकडा माणसाला घाबरवतो, पण मांजराचा जीव जातो तो खालच्यानं.

हा खालचा आकडा शोधण्यासाठी एक रविवार राखून ठेवला. दर दोन तासांनी कानाच्या कडेच्या शिरेला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, असं बारा तास. कान गार असेल तर थेंब येत नाही, म्हणून मोज्यात कोरडे तांदूळ भरून ते गरम करायचे आणि कानाला शेकायचं. "मधुमेह्याला तांदूळ?" अण्णांनी आक्षेप नोंदवला. मग त्यांनीच वहीत रकाने आखले आणि आलेख काढला. चिकाटीचं म्हणाल तर त्यांनी स्वतःची साखर इतक्या भक्तीनं आयुष्यात कधी मोजलेली नाही.

मशीन आधी अण्णांचंच वापरत होतो. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा कमी दाखवतं, कारण तांबड्या पेशी आणि रक्तद्रव यांच्यातली साखरेची वाटणी दोघांत वेगळी असते. मॅडमनी प्राण्यांचं मीटर घ्यायला लावलं आणि दोन मशीनचे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत असं बजावलं. दवाखान्यातला आकडाही प्रमाण मानायचा नाही. टोपलीत कोंबून, रिक्षात घालून, समोर लॅब्रेडॉर असलेल्या बाकावर बसवलं की मांजराची साखर नुसत्या संतापानं चढते. त्यासाठी फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी आहे. ती मागच्या साधारण दोन आठवड्यांची सरासरी सांगते, त्या दिवशीचा राग तिच्यात धरला जात नाही. असली तपासणी नवऱ्यांसाठीही निघावी.

डोस खरा हलला तो जेवणानं. गंप्याचा कोरडा खाऊ बंद झाला, अण्णांच्या ताटाखालून गुपचूप चालणारी दूधपोळीही बंद झाली, आणि पिष्ट कमी असलेलं डब्यातलं ओलं अन्न सुरू झालं. सोबत थोडं उकडलेलं चिकन. ज्या स्वयंपाकघरात अंडं कधी उंबरा ओलांडून आलं नव्हतं, तिथे कुकरच्या शिट्ट्या होऊ लागल्या. शिट्ट्या अण्णाच मोजत होते.

इथे मात्र मॅडम फार कडक होत्या. जेवणातलं पिष्ट उतरलं की इन्सुलिनची गरजही उतरते, तीही झपाट्यानं. जुना डोस तसाच चालू ठेवला तर साखर साठच्या खाली जायची भीती. मांजर झोकांड्या खायला लागलं, तर हिरड्यांना मध चोळायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. मधाची बाटली म्हणून फ्रीजवर सज्ज होती. तिच्यातला मध कमी होत होता, पण गंप्यासाठी नव्हे.

मधे दीडवर गेलेला डोस मग पुन्हा एक झाला, एकाचा अर्धा, आणि एके दिवशी मॅडमनी तोही थांबवला. लवकर उपचार सुरू झालेल्या काही मांजरांचं इन्सुलिन असं सुटतं. मधुमेह परत येऊ शकतो, म्हणून मोजणं चालूच ठेवायचं असतं.

अण्णा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. शेवटी दवाखान्यात त्यांनी विचारलंच, "मग माझं का नाही सुटत?"

"त्याला तुम्ही डबा उघडून देता तेवढंच तो खातो, काका," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला डबा उघडता येतो."

आता एक कामाची गोष्ट. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपीत बहुधा मिलिलिटरला चाळीस युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची असते. ग्लार्जिन शंभरचं, त्याला नारिंगी टोपण. शंभरचं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर एका युनिटच्या खुणेवर अडीच युनिट जातात. सात किलोच्या बोक्याला एवढा फरक पुरेसा आहे. ज्या घरात आजोबा आणि मांजर दोघंही टोचून घेतात, तिथे दोघांचे डबे वेगळे ठेवा, वर नावं लिहा. आणि रोज आधी टोपणाचा रंग बघा, मग मांजर पकडा. उलट केलंत तर रंग बघून होईपर्यंत मांजर पलंगाखाली असतं.