नॉटकाका

पार्किंगची नोटीस लागून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच नॉटकाकांचं लाल पेन लिफ्टने खाली उतरलं. 'ऑल मेंबर्स आर नॉट अलाउड टू पार्क इन द कंपाउंड.' काकांनी 'नॉट'भोवती गोल काढला आणि वॉचमनकरवी सेक्रेटरींना बोलावून घेतलं.

"म्हणजे एकही नाही, की सगळे नाहीत?"

"काय सगळे नाहीत?"

"कोणीच गाडी लावायची नाही, की काहींनी लावायची आणि काहींनी नाही? तुमच्या वाक्यातून दोन्ही निघतं."

"अहो काका, जागा बारा, गाड्या एकवीस."

"मग 'नॉट' उचला आणि 'ऑल'च्या आधी ठेवा. फुकट आहे!"

नोटीस तशीच राहिली. आता एकवीसही जण आपण त्या बारांतले, असं धरून गाडी लावतात.

असा एक गृहस्थ तुमच्याही जिन्यात भेटत असणार. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेला, लग्नपत्रिका हाती आली की तारखेआधी स्पेलिंग तपासणारा. आमच्या काकांचा जीव मात्र या एका 'नॉट'मध्येच अडकलाय. माझ्या मुलाने वाढदिवसानंतर "ऑल माय फ्रेंड्स डिडन्ट कम" म्हणताच काकांनी हातातला केक खाली ठेवला. "एकही नाही, की सगळे नाहीत?" पोरगं म्हणालं, "चार आले." तेव्हा कुठे केक तोंडात गेला.

शेक्सपिअरलाही सुट्टी नाही. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये मोरोक्कोचा राजपुत्र सोन्याची पेटी उघडतो आणि आत कवटी अन् चिठ्ठी निघते. चकाकणाऱ्या सोन्याची ती सुप्रसिद्ध म्हण त्या चिठ्ठीतली, आणि तिची रचना आमच्या पार्किंगच्या नोटिशीसारखीच. "शब्दशः घेतलं तर चकाकणारं काहीच सोनं नसतं," काका म्हणतात, "आणि ज्या पेटीतून ती चिठ्ठी निघाली, ती पेटी चक्क सोन्याची!" पुढे ब्राउन पेपरचं कव्हर घातलेला येस्पर्सन येतो. या डॅनिश पंडिताने 1917 मध्ये इंग्रजीतल्या आणि इतर भाषांतल्या नकारावर अख्खं पुस्तक लिहिलं. "डेन्मार्कचा माणूस इंग्रजांच्या 'नाही'चा हिशेब ठेवतो, आणि आपल्याला एक नोटीस धड लिहिता येत नाही."

मराठीबद्दल मात्र त्यांना कोण अभिमान! 'कोणीच आलं नाही' म्हटलं की विषय संपला. त्या एवढ्याशा 'च'साठी इंग्रजांनी साम्राज्य द्यायला हवं होतं, असं त्यांचं मत. यावर स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला होता.

"अहो, तुमच्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत."

काका चमकले. "एकही नाही, की सगळ्या नाहीत?"

"'च' घातलाय की! आता तुम्हीच ठरवा."

त्यानंतर आठवडाभर काका 'च'विषयी बोलले नाहीत.

गेल्या श्रावणात काकूंना सारखा थकवा येऊ लागला. तपासण्या झाल्या, आणि रिपोर्ट समजून घ्यायला काका मला बरोबर घेऊन गेले. तरुण डॉक्टरांनी फाईल चाळली. "ऑल द रिपोर्ट्स आर नॉट नॉर्मल."

मी काकांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. पंख्याचा आवाज येत होता. मी वाट पाहिली. काका काही बोलेनात. ओठ हलले, पण प्रश्न बाहेर आला नाही.

शेवटी मीच विचारलं, "डॉक्टर, म्हणजे एकही नाही, की सगळे नाहीत?"

"छे, छे! एकच. थायरॉइडचा. गोळी सुरू करू या."

बाहेरच्या बाकावर काका बराच वेळ नुसते बसून राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा लाल होऊ लागला. "'नॉट' आधी घेतला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?" मला हायसं वाटलं. काकूंसाठी तर वाटलंच, पण कबूल करायला जड जातं, त्या चिडण्यासाठीही.

काका खिसे चाचपत होते. लाल पेन घरी राहिलं होतं. मी माझं निळं पुढे केलं.