अ‍ॅझी घ्या, सर!

पॉडकास्ट काढायला अक्कल लागत नाही, गोधड्या लागतात. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसायचं, पाठीवरून गोधडी ओढायची आणि जगाला शहाणं करायचं, असं भाच्याने शिकवलं. विषय मी जडच निवडला: जंतू अँटिबायोटिकला दाद का देईनासे झालेत. पिंपरीकर म्हणून या विषयावर आपला हक्कच आहे, असं माझं मत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली ती आमच्याच गावात. ज्या गावाने देशाला पेनिसिलिन टोचलं, त्यानेच आता देशाचे कान टोचावेत, असं एक भारदस्त वाक्यही लिहून ठेवलं होतं.

१८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा जगभर याच जागृतीसाठी पाळतात. तोच मुहूर्त धरला. आणि ऐन आदल्या दिवशी माझा घसा बसला. बसला म्हणजे पार मांडी घालून बसला. दूधवाल्याने फोनवर तीनदा ‘कोण पाहिजे?’ विचारलं, तेही फोन त्यानेच केलेला असताना.

सासूबाईंनी लगेच श्रीखंडाचा डबा काढला. प्रत्येक घरात तो असतो. श्रीखंड सोडून त्यात सगळं असतं. अर्धवट गुंडाळलेलं क्रेप बँडेज, झाकण चिकटलेलं खोकल्याचं औषध, आणि कुणाच्या तरी आजारपणातून शिल्लक राहिलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या. पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. २०१६ पासून सरकार या रेघेची जाहिरात करतंय. आमच्या डब्यात ती रेघ हळदीने पिवळी झाली होती.

“घ्या. मंदाला यानेच गुण आला होता.”

मी उरल्यासुरल्या आवाजात व्याख्यान दिलं. बसलेला घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे असतो, ही गोळी मारते जिवाणूंना. म्हणजे गुन्हेगार मोकळा आणि पोटातले गरीब, निरुपद्रवी जिवाणू ठार. त्यातून जे मुरलेले वाचतात ते पुढे वाढतात, आणि वाचण्याची विद्या स्वतःपाशी ठेवत नाहीत. जनुकाचा तुकडाच शेजारच्या जंतूला देऊन टाकतात. इतकी उदार शिकवणी आपल्याकडे फी भरूनही मिळत नाही.

सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाल्या, “बरं, मग अर्धी घ्या.”

घेतली नाही. तत्त्वापेक्षा हट्ट म्हणा. त्याच आवाजात कपाटात शिरलो. सुरुवात फ्लेमिंगपासून. १९२८ साली त्याला बशीतल्या बुरशीत पेनिसिलिन सापडलं, हे शाळेत शिकवतात. १९४५ साली नोबेलच्या भाषणात त्याने जी धास्ती बोलून दाखवली, ती शिकवत नाहीत. त्याने एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. गृहस्थाचा घसा दुखतो. (इथे मला खरोखरचा ठसका लागला, भाच्याने तो कापला नाही, म्हणे ‘नॅचरल’ वाटतो.) तो आपल्या मनाने पेनिसिलिन आणतो, अपुरं घेतो, जंतू मरत नाहीत, नुसते शिकून तयार होतात. मग तेच बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते.

“घसा त्याचा दुखला, मग मेली ती का?” कपाटाबाहेरून आवाज आला. तोही रेकॉर्ड झाला. पुढे सगळ्यात जास्त वाहवा याच वाक्याला मिळाली.

शेवटी आकडा सांगितला. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आकडा माझ्या घशातून असा काही खरखरत निघाला की पुढचा नंबर माझाच असावा.

भाग टाकला आणि निरोप येऊ लागले. ‘फार उपयुक्त माहिती. पण घसा फार बसलाय. अ‍ॅझी ५००, तीन दिवस. डोळे झाकून घ्या, सर.’ ‘डोळे उघडणारा भाग! आमच्याकडे अमॉक्सी उरलीय, मुलाबरोबर पाठवू का?’ एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर डोसाचं वेळापत्रकच पाठवलं, जेवणाआधी-जेवणानंतरचे रकाने पाडून. न्यू जर्सीच्या मावसभावाला विषय अतिशय पटला. ‘इथे डॉक्टर उगाच अँटिबायोटिक देतच नाहीत,’ त्याने कौतुकाने कळवलं, ‘तेव्हा आई येईल तिच्याबरोबर चार स्ट्रिप पाठव.’ विरोध असा एकाचाही नाही. जो तो हा भाग, ज्याला त्याची खरी गरज आहे अशा दुसऱ्याच कुणाला तरी पुढे ढकलत होता.

चघळायच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो, तर काउंटरवरच्या मोबाइलमधून मीच खरखरत होतो. दुकानदार एका पोरासाठी कात्रीने स्ट्रिप कापत होता. चिठ्ठी कुठे दिसली नाही. कात्री लाल रेघेतून कर्रकन गेली. वरची रेघ पोराच्या खिशात, खालची पुन्हा खोक्यात.

“सर, सकाळपासून तुमचंच लावलंय,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक उभं राहून ऐकतं.”

मी खुशीत विचारलं, “मग? काय म्हणतात?”

“म्हणतात, ह्यांना झालंय तसलं आम्हाला नको व्हायला. आधीच काहीतरी स्ट्राँग देऊन ठेवा.”