पट्टीवाले भाऊ

प्रत्येक तालुक्यात हा माणूस असतोच. पडद्यावर वृक्षलागवडीचा आराखडा चाललेला असतो, सरपंच डोळे ताणून आकडे वाचत असतात आणि मागच्या खुर्चीवरून आवाज येतो, "ते चौथं टिंब जरा आत गेलं बावा!" वणीजवळच्या राजूर कॉलरीत हा आवाज पट्टीवाल्या भाऊंचा. टाइपरायटरवर नोकरी सुरू करून संगणकावर निवृत्त झालेले. कोळसा आणि चुन्याच्या या गावात शर्ट पांढरा ठेवणंच कठीण, पण भाऊंचा खिसा कायम स्वच्छ. कारण त्यात पट्टी असते.

सहा इंची, पारदर्शक, प्लास्टिकची. कुणी लॅपटॉप उघडला की भाऊ ती थेट स्क्रीनला लावतात. पॉवरपॉइंटमध्येच पट्टी असते, असं एका पोराने त्यांना दाखवून पाहिलं. "ते आपलं आपणच मोजून राहिलं, त्याचा काय भरोसा?" असं म्हणून भाऊंनी त्या पट्टीवर आपली पट्टी ठेवली.

त्यांचा मुख्य शत्रू म्हणजे स्पेसबार. टिंब सरळ ओळीत आणण्यासाठी स्पेस मारत बसणाऱ्या माणसाला भाऊंच्या दरबारात माफी नाही. प्रशिक्षणाच्या स्लाइड घेऊन आलेल्या एका गुरुजींची त्यांनी अशीच उलटतपासणी घेतली होती. पहिल्या स्लाइडवर काळं टिंब, दुसरीवर बाण, तिसरीवर बरोबरची खूण. चौथीवर तर व्हॉट्सॲपवरून आणलेला पिवळा हात. अक्षरं एकीकडे 28 आकाराची, दुसरीकडे 17. गुरुजी शपथेवर सांगत होते की आकार आपण बदललाच नाही. ते खरंही होतं. मजकूर चौकटीत मावेनासा झाला की पॉवरपॉइंट स्वतःच अक्षरं बारीक करतं. भाऊंना हे ठाऊक होतं, पण त्यांनी गुरुजींना लगेच सोडलं नाही. "सतरा! सतरा कोणी पाह्यलं आहे का?"

मग रात्री अकरापर्यंत शिकवणी. स्लाइड मास्टरमध्ये एकदा बदल करा, सगळ्या स्लाइड ऐकतात. टॅब मारला की टिंब एक पातळी आत, शिफ्ट-टॅब मारला की एक पातळी बाहेर. फॉरमॅट पेंटरवर दोनदा क्लिक केलं तर एस्केप दाबेपर्यंत ब्रश हातातून सुटत नाही. बाणाचं टिंब विंगडिंग्ज या फॉन्टचं असतं, फॉन्ट बदलला की त्याच जागी पोटातून तिरकी रेघ गेलेला ओ उभा राहतो आणि बरोबरच्या खुणेचा होतो डोक्यावर दोन ठिपके असलेला यू. कृतिदेव फॉन्टमधली मराठी दुसऱ्याच्या संगणकावर कशी दिसते, हा विषय निघाला की भाऊ पाणी मागवतात.

पट्टी फक्त स्लाइडपुरती राहिली असती तरी गावाने सोसलं असतं. ती फ्लेक्सला लागते, रेशन दुकानाच्या फळ्याला लागते. एका लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत मामांचं नाव दोन मिलिमीटर आत गेलेलं भाऊंनी मोजून दाखवलं. मामा आधीच का रुसून बसले होते, याचा उलगडा घरच्यांना तेव्हा झाला. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससमोर खिशाकडे गेलेला त्यांचा हात मात्र वहिनींनी वरच्या वर धरला.

वहिनींचा विषय निघालाच आहे तर किराण्याची यादी. 'तेल, तूरडाळ, गूळ, गहू दळून आणणे.' भाऊंनी आक्षेप घेतला, की एक तर सगळी नामं लिहा, नाहीतर सगळी कामं, मिसळ चालणार नाही. वहिनी म्हणाल्या, "मंग दळण तुम्हीच आना. पट्टी घेऊन जा."

हा सगळा खुळेपणा का, असं विचारलं की भाऊ कल्पना चावलांचं नाव घेतात. ऐकणारा चमकतो. 2003 च्या जानेवारीत कोलंबिया यान आकाशात असताना, उड्डाणावेळी त्याच्या पंखावर फोमचा तुकडा आदळल्याची तपासणी बोइंगच्या अभियंत्यांनी नासापुढे स्लाइडवर मांडली. मथळा दिलासा देणारा. आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा सुमारे 640 पट मोठा होता, हे कळायला लागणारे आकडे स्लाइडच्या तळाशी, आतल्या टिंबामागे, बारीक अक्षरांत. 1 फेब्रुवारीला यान परतताना तुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. एका स्लाइडने यान पाडलं, असं म्हणता येणार नाही. पण माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या टिंबांची चिरफाड केली आणि अपघाताच्या चौकशी मंडळानेही तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं.

तालुक्यातल्या एका सभेत नळयोजनेची स्लाइड लागली, तेव्हा भाऊंना हेच आठवलं असावं. टाकी बांधली, पाइप टाकले, जोडण्या दिल्या, सगळं ठळक आणि सगळं एका रेषेत. इतकं एका रेषेत की भाऊ काही बोलणार नाहीत, अशी पैज लागली असती. पण ते उठले, थेट पडद्यापाशी गेले आणि पट्टी लावली. सभा हसली. जोडण्यांच्या टिंबाखाली, तिसऱ्या पातळीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: 'पाणी सोडणे बाकी'.

"हे टिंब इतकं आत काऊन आहे?"

साहेब म्हणाले, फॉरमॅटिंगचा दोष असेल.

"मंग त्याले बाहेर काढा. शिफ्ट-टॅब मारा साहेब. दोनदा."

ओळ बाहेर आली, अक्षरं मोठी झाली आणि पुढचा तासभर सभा त्या एकाच ओळीवर चालली. भाऊंचं लक्ष मात्र तोवर पुढच्या स्लाइडकडे गेलं होतं. तिथे एका वाक्याला पूर्णविराम नव्हता.

नोकरीची सगळी वर्षं भाऊंनी दुसऱ्यांचे अहवाल टाइप केले. मजकूर एकाचा, सही दुसऱ्याची, समास तेवढा भाऊंचा. स्वतःची म्हणून एकही स्लाइड त्यांनी कधी लोकांसमोर दाखवलेली नाही. कुणी दाखवायला सांगितलंही नाही. सभेच्या आदल्या रात्री लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात, चहा पितात, बोलणी खातात आणि सरळ रेषेतली टिंबं घेऊन जातात. पैसे ते घेत नाहीत, आणि कटकट कमी करत नाहीत.

तुमच्याही गावात असे कुणी भाऊ असतील तर पुढच्या सभेत त्यांना मागे बसवू नका. पडद्याजवळची खुर्ची द्या, आणि ते उठले की हसण्याआधी पट्टी कुठे लागते ते बघा.